टाचेमागचं माप

३ मार्च

चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, म्हणून कामाचं पहिल्याच ओळीत लिहितो. या आठवड्यात रक्त तपासून घे. सकाळी उपाशीपोटी जायचं, कोलेस्टेरॉलची तपासणी करायची आहे म्हणायचं, बस. वहिनीला सांगून तिच्या मुंगीचंही तपासून घे. माझं नाव काढू नकोस. शाळेने सगळ्या मुलांना सांगितलंय म्हण, नाहीतर तुला सुचेल ते सांग. पण दोघींचं व्हायला हवं.

आता पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचत असलीस तर सांगतो, घाबरण्यासारखं काही नाही. असतं तर फोन केला असता. पण तू माझा नंबर बंद केलायस आणि चार वर्षं तो बंदच आहे. गेल्या आठवड्यात खिळ्याच्या फोनवरून लावला होता. कारखान्यात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून बुटांचे तळ ठोकणारा, तोंडात कायम चार खिळे धरून बोलणारा, तोच खिळ्या. तू "हॅलो" म्हणालीस, मी "चिमे" म्हणालो आणि तू ठेवलास. खिळ्या म्हणाला, "तुझा आवाजच तसा आहे रे, मीसुद्धा ठेवला असता."

मी बरा आहे. कारखान्याचा जिना चढताना छातीत जरा आवळल्यासारखं होतं. हातात चामड्याचा गठ्ठा असला तरच. गठ्ठा खाली ठेवला की थांबतं. खिळ्याने उगाच आरडाओरडा केला आणि मला ओढत दवाखान्यात नेलं. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी छातीची पट्टी काढली, रक्त काढलं आणि घरात कोणकोण आहे ते विचारलं. म्हणून तुला लिहितोय, सहज.

दुसरं काम. मुंगी आता अकरा वर्षांची झाली असेल. तिला बूट करावेत म्हणतो. पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून घे, आणि टाचेच्या मागे, बुटाचा वरचा काठ जिथे येतो तिथल्या शिरेचं जाडीचं माप घे. चिमटीत धरायचं आणि चिमटी तशीच पट्टीवर ठेवायची. दोन्ही पायांचं. हे माप विसरू नकोस. बाकीचं मी अंदाजाने करीन.

वहिनीला काही सांगू नकोस.

बाबा


१९ मार्च

चिमे,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांतलं पहिलं. सहाच ओळी आहेत. मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तू लिहिलंस, "मी बारीक आहे, रोज सकाळी पोहते, बाहेरचं खात नाही. माझं रक्त कशाला तपासायचं? आणि टाचेमागच्या शिरेचं माप तुम्ही फक्त दादाचं घ्यायचात, बाकी कुठल्या बुटाला ते लागत नाही. मी तुमच्या कारखान्यात गृहपाठ करत मोठी झाले, हे विसरलात का? खरं काय ते लिहा, नाहीतर लिहू नका."

"विसरलात का" लिहिलंस. आधी तू मला "ए बाबा" म्हणायचीस. असो.

खरं लिहितो. दोनदा लिहून फाडलं, हे तिसऱ्यांदा.

दवाखान्यात छातीची पट्टी काढताना घोट्यालाही चिमटे लावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मोजे काढा." मी काढले. त्यांनी चिमटा हातात घेतला आणि तशाच वाकून राहिल्या.

"हे काय आहे?"

"टाच," मी म्हणालो.

"टाच मलाही आहे. ही मागची शीर अशी दोरखंडासारखी का?"

"आमच्याकडे असतेच ती. घराण्याची खूण आहे."

ऐटीत सांगितलं मी, चिमे. नाक वर करून.

"घराण्यात आणखी कोणाला?"

"मोठ्या भावाला होती. माझ्या मुलाला होती."

"होती म्हणजे?"

तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या समोर बसल्या. तुझा काका कितव्या वर्षी गेला, विचारलं. त्रेचाळीस. कशाने? दाढी करताना आरशासमोर खाली बसला आणि गेला. तुझा दादा? एकोणचाळीस. बसच्या थांब्यावर, बाकावर. बस आली, सगळे चढले, तो बसून राहिला. दादा सिगरेट ओढायचा का? हो. तुम्ही? मी नाही, चामड्याच्या कारखान्यात आग नको म्हणून मालकाने कधी ओढू दिली नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं एकाहत्तर वर्षांचं आयुष्य कदाचित त्या मालकाने दिलंय. आणि बाकीचं नशीब."

रक्ताचा निकाल दोन दिवसांनी आला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे सत्तेचाळीस. निम्म्याहून खाली हवं.

आता जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो, सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं समजून घे. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नाही. ते आपलं यकृतच तयार करतं आणि शरीराला ते लागतंही. जास्तीचं झालं की यकृतानेच ते रक्तातून परत उचलायचं असतं. काही घराण्यांत ही उचलायची सोय जन्मापासूनच निम्मी असते. मग ते रक्तात फिरत राहतं आणि जागा मिळेल तिथे बसतं. काळजाच्या रक्तवाहिन्यांच्या आत बसतं, आणि टाचेमागे बसतं. ज्याला मी शीर म्हणतो ती शीर नव्हेच. पोटरीला टाचेशी बांधणारा तो दोर असतो, त्यात हे साठतं आणि तो जाड होतो. जाडेपणाशी, आळसाशी याचा संबंध नाही. बारीक माणसालाही होतं, पोहणाऱ्यालाही होतं. आईबापांपैकी एकाकडून येतं. प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी.

तुझ्या काकाचा फर्मा, माझा फर्मा, दादाचा फर्मा, तिन्ही लाकडी पाय अजून माझ्या फळीवर आहेत. तिन्हींच्या टाचेमागे मीच चामड्याचा तुकडा चिकटवलाय, बूट तिथे घासू नये म्हणून. दुसऱ्या कुणी डॉक्टरला दाखवलं असतं. मी फर्मा वाढवला. गाठ दिसली की बूट सैल करायचा, एवढंच मला येत होतं, आणि दादाला कधी टाच लागली नाही याचा मला अभिमान होता.

तुझ्या फर्म्याला तुकडा नाही. पण पंधराव्या वर्षी तू दुकानातले बूट घालायला लागलीस. तेव्हाचं माप आज कसं धरू?

आणि हे वहिनीबद्दल. दादाला पोहोचवून आल्यावर बैठकीत सगळ्यांसमोर मी तिला जे बोललो ते तुला पाठ असेल. "माझ्या मुलाला तू लोण्यात तळून मारलंस." तेव्हा मुंगी सात वर्षांची होती आणि दाराची कडी धरून उभी होती. तू वहिनीचा हात धरून तिला बाहेर नेलंस, तुझ्या गावी नेलंस, आणि परत आली नाहीस.

ते लोण्याने नव्हतं. खाण्यापिण्याने थोडं वरखाली होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण हे एवढं जेवणाने होत नाही. ते माझ्याकडून गेलं. हे तू तिला सांगायचंस की नाही ते तू ठरव. मी सांगू शकत नाही.

आता तरी जा. मुंगीलाही ने.

बाबा


२ एप्रिल

चिमे, माझी चिमे,

शहाण्णव! मी कागद खिळ्याला दाखवला, खिळ्याने खिळे तोंडातून काढून हातात घेतले, म्हणजे बघ. म्हणाला, "पोरगी आईवर गेली, देवाची कृपा." तुझी आई असती तर म्हणाली असती, मी आधीपासून तेच सांगत होते. तुझ्यात ते आलंच नाही. तुला नाही म्हणजे पुढे तुझ्या मुलाबाळांनाही माझ्याकडचं काही जाणार नाही. गेला महिना मी पाण्याचा घोटसुद्धा नीट घेतला नव्हता.

आणि मुंगीचं माप. दोन्ही पायांची शीर चिमटीत मावते, पट्टीवर सहा की सात रेघा. तू लिहिलंस की ती खिदळत होती, "आत्या, गुदगुल्या होतात." मी ते माप माझ्या जुन्या वहीतल्या मापांशी लावून पाहिलं. दादाचं विसाव्या वर्षीचं माप याच्या तिप्पट आहे. पोरीची टाच हरणासारखी आहे. तिच्यातही नाही!

तेव्हा आता वहिनीला काही सांगायची गरज उरली नाही असं मला वाटतं. तू लिहिलंस की तिला माझं नावही ऐकायचं नाही, मुंगीला माप घेताना आत्या बूट मागवतेय एवढंच सांगितलंस. बरं केलंस. ज्या गोष्टीने पोरीला धोकाच नाही ती सांगून तिच्या आईच्या जिवाला घोर कशाला? रक्त काढायला सुई टोचावी लागते, पोर रडेल. राहू दे.

बूट कापायला घेतलेत. मऊ चामडं आहे, रंग तपकिरी. मागची बाजू उंच ठेवतो, तिला काही अडचण नाही ना.

तुझा बाबा


५ एप्रिल

चिमे,

दोन तारखेचं पत्र विसर. ते आधी पोचलं असेल तर फाडून टाक. मुंगीचं रक्त तपासायलाच हवं. उद्याच्या उद्या.

आज दवाखान्यात गेलो होतो. मोठ्या आनंदात सांगितलं, नातीची टाच मोजली, काही नाही, सुटलो. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला.

"काय मोजलंत?"

"टाच. सहा-सात रेघा. मुलाची तिप्पट होती."

"मुलाची कितव्या वर्षी?"

"विसाव्या."

"आणि अकराव्या वर्षी?"

वही आणायला घरी गेलो, जिन्यात दोनदा थांबलो. वहीत आहे, चिमे. दादाचं अकराव्या वर्षीचं माप आहे, शाळेच्या बुटांसाठी घेतलेलं. सात रेघा.

वही घेऊन परत गेलो. रांग होती, तरी त्यांनी मला आत घेतलं. वहीतला आकडा बघितला आणि त्या रागावल्या. पहिल्यांदाच. "आजोबा, ते साठायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. लहान मुलाची टाच साफच दिसते. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मूल धावतं, नाचतं, आणि आतल्या आत जन्मापासून सुरू असतं. म्हणूनच रक्त बघायचं. आत्ता कळलं तर औषधाने ती तुमच्या वयापर्यंत जाईल, पुढेही जाईल. तिशीत कळलं तर उशीर होतो. तुम्ही टेप लावून पोरीला मोकळं सोडून दिलंत?"

मी म्हणालो, मी चूक केली. त्या म्हणाल्या, "मला नका सांगू, तिच्या आईला सांगा."

तुझं शहाण्णव आहे म्हणून मुंगीचं ठरत नाही. तिला तिच्या बापाकडून आलं असेल किंवा नसेल. अर्ध्याला अर्धं. नाणं वर उडालंय आणि अजून खाली पडलेलं नाही, असं मला दिवसभर वाटतंय.

वहिनीला सांग. माझं नाव घेऊन सांग. शिव्या खायला मी तयार आहे.

बाबा


२१ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र मिळालं. वहिनी काय म्हणाली ते तू एकही शब्द न गाळता लिहिलंस, बरं झालं.

"आधी म्हणाले माझ्या स्वयंपाकाने गेला. आता म्हणतात रक्ताने गेला. उद्या आणखी काही म्हणतील. त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या पोरीला सुया टोचून घेऊ? रक्तातच होतं तर इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने मुंगीच्या बाबांना कसं सांगितलं नाही? त्यांना ते विचार. त्याचं उत्तर आलं तर बघू."

तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. ती नेहमी तसंच करायची. आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मामंजी, तीनच फर्म्यांना मागे तुकडा का?" मी म्हणालो, पाय ओळखायला लागतात त्यासाठी, तुला नाही कळायचं.

सोबत दुसरा कागद घडी घालून ठेवलाय. तो तिला दे. तू वाचलास तरी चालेल. वाचून झाल्यावर माझी पत्रंसुद्धा बंद करावीशी वाटतील. कर. पण आधी तो कागद तिच्या हातात पडू दे.

बाबा


(सोबतचा कागद)

सूनबाई,

तू विचारलंस की त्याला कोणी सांगितलं कसं नाही.

सांगितलं होतं.

तो जायच्या दोन वर्षं आधी त्याच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. त्याचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशे साठ निघालं. तिथल्या डॉक्टरने रोजची एक गोळी लिहून दिली आणि घरच्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. तो कागद घेऊन तो आधी माझ्याकडे आला. तुझ्याकडे नाही. मी त्याला म्हणालो, बायकोला सांगू नकोस, घाबरेल. खरं म्हणजे मला वाटलं, तू विचारत बसशील की हे कोणाकडून आलं.

त्याने साडेतीन महिने गोळ्या घेतल्या. डबी कारखान्यात माझ्या खणात असायची. सकाळी कामाला जाताना यायचा, घ्यायचा, जायचा. मग त्याची पोटरी दुखायला लागली. म्हणाला, "ए बाबा, गोळीने पाय दुखतात असं ऐकलंय, डॉक्टरला विचारू का?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? सोडून दे. आपल्या घरात कोणी जाडं आहे का? कोलेस्टेरॉल जाड्या माणसांचं असतं. धडधाकट माणसाला रोजची गोळी लावून ठेवायचे धंदे आहेत हे."

त्याने सोडली. पोटरी थांबली. मी म्हणालो, बघ.

डॉक्टरला विचारलं असतं तर त्यांनी दुसरी गोळी दिली असती किंवा मात्रा कमी केली असती. हे मला मागच्या महिन्यात कळलं. पण तपासणीचा कागद माझ्याकडे होता, तो पहिल्या दिवसापासून होता. त्याला पोहोचवून आलो त्या दिवशीही तो माझ्या खणात होता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, आणि मी बैठकीत येऊन तुझ्या स्वयंपाकाचं नाव घेतलं. दुसऱ्या कुणी काही विचारायच्या आधी घेतलं.

मला काही कळलं नव्हतं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. चिमीला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही तेच सांगत होतो. ते खोटं आहे.

तो कागद यासोबत आहे. वर त्याचं नाव आहे, तारीख आहे, आणि खाली डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "मुलांची तपासणी करावी." मुलांची म्हणजे मुंगीची. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. त्या ओळीवर जा.


१८ मे

चिमे,

मुंगीचा निकाल तू लिहिलास त्याला आज नऊ दिवस झाले. दोनशे चौदा. आठवड्याने पुन्हा तपासलं, तेव्हाही दोनशेच्या वर. नाणं पडलं.

मी तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण काय लिहावं ते समजेना. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या गप्प होतील. त्या म्हणाल्या, "छान."

"छान?" मी म्हणालो.

"तुमच्या घरात हे लवकर कळलेली ती पहिली आहे. अकराव्या वर्षी. तुमच्या भावाला कळलंच नाही. हिची गोळी लहान मात्रेने सुरू होईल, मोठेपणी लग्नकार्य, बाळंतपण आलं की डॉक्टर बघून बदलतील. हिच्या आईला सांगा, पोरीला आजारी करून ठेवू नका. धावू दे, शाळेत जाऊ दे."

हे वहिनीला सांग. तुझ्या तिथल्या बालरोगवाल्यांनीही हेच सांगितलं, लिहिलंस तू. दोघांनी सांगितलं म्हणजे खरं असेल.

आता वहिनीच्या अटीबद्दल. तू लिहिलंस, "वहिनी म्हणते माफी मागायची नाही, तिला ऐकायची नाही. मुंगी गोळी घ्यायला कुरकुर करते, म्हणते मला काही होत नाही मग कशाला. तेव्हा रोज संध्याकाळी सात वाजता बाबांनी फोनवर तोंड दाखवायचं आणि तिच्यासमोर स्वतःची गोळी घ्यायची. एक दिवसही चुकवायचा नाही. चुकवला तर फोन कायमचा बंद."

हे वाचून मी आधी गोळ्यांची डबी शोधली. का ते सांगतो, आता लपवण्यासारखं काही ठेवलेलं नाही. मार्चपासून मला तीच गोळी लिहून दिली आहे. मी एकही घेतली नव्हती. रोज सकाळी एक काढायचो, हातात धरायचो आणि कारखान्याच्या खिडकीतून खाली टाकायचो. दादाला नको म्हटलेली गोळी माझ्या घशाखाली उतरेना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त बघितलं, दोनशे चव्वेचाळीस. त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाल्या, "खिडकीखालच्या उंदरांचं कोलेस्टेरॉल उत्तम असेल." खिळ्याने सांगितलं होतं त्यांना. त्याच्या तोंडात खिळे असतात, तरी सगळं बाहेर पडतं.

काल पहिला फोन केला. माझ्या फोनवर चित्र दिसत नाही म्हणून खिळ्याचा घेतला. त्याने तो दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला होता आणि त्याचा अंगठा निम्म्या पडद्यावर. सात वाजले. मुंगी आली. चार वर्षांनी बघितली. नाक दादाचं आहे. मला वाटलं होतं ती मला ओळखणार नाही.

"आजोबा, तुमच्या तोंडावर अंगठा आहे," ती म्हणाली.

खिळ्याने अंगठा काढला.

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आईने मला वाचून दाखवलं. तुम्ही बाबाला गोळी सोडायला सांगितलं होतं?"

मला वाटलं होतं वहिनी तिला सांगणार नाही. लहान आहे, मोठी झाल्यावर सांगेल. मी तसंच केलं असतं.

"हो," मी म्हणालो.

"का?"

"त्याची पोटरी दुखत होती. मला वाटलं, मला त्यातलं कळतं."

"कळत होतं?"

"नाही."

तिच्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. वहिनी खोलीतच होती, ती पडद्यात आली नाही.

"माझी पोटरी दुखली तर?" मुंगीने विचारलं.

चिमे, मला आतून उमाळा आला की सांगावं, नाही दुखणार बेटा, तुझी नाही दुखणार. जिभेवर आलं होतं.

"आईला सांग," मी म्हणालो. "आईने डॉक्टरांना विचारायचं. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. आणि मला विचारू नकोस. मी काहीही सांगितलं तरी आधी आईला विचार."

ती मागे वळून आईकडे बघत होती. मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"बरं," ती म्हणाली. "हातात धरा. मी तीन म्हटलं की घ्यायची. थुंकायची नाही."

तिने तीन म्हटलं. मी गिळली. तिने तोंड उघडून जीभ दाखवली, मग मला दाखवायला लावली.

आज सात वाजायला वीस मिनिटं आहेत. खिळ्या हात धुऊन येतोय.

बाबा